झाइस सुपर स्पीड 50 एमएम: सर्व्हिसिंगनंतरचे आठ महिने

माझी सिनेमा कॅमेऱ्याची लेन्स जुनी, सेकंड हँड घेतलेली. झाइस सुपर स्पीड एमके थ्री, टी 1.3, म्हणजे पूर्ण उघडली की भरपूर प्रकाश आत घेणारी. गेल्या पावसाळ्यात पुढच्या काचेमागे कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, म्हणून अंधेरीतल्या एका कारागिराकडे टाकली. बुरशी नुसतं निमित्त ठरली, दुखणं भलतंच निघालं.

त्याने लेन्स उघडण्याआधी तपासणीच्या प्रोजेक्टरवर चढवली, तो लेन्समधून पडद्यावर रेघा पाडतो. टेपने मोजून 6 फुटांवर पडदा, फोकसची रिंगही 6 वर, आणि रेघा पुसट! पडदा अडीच इंच मागे सरकवला तेव्हा कुठे त्या लख्ख झाल्या. टी 1.3 ला या अंतरावर सगळा मिळून जेमतेम साडेतीन इंच फोकस मिळतो. म्हणजे मार्क, रिंगवरच्या अंतराच्या खुणा, बरोबर मारूनही माझा फोकस सॉफ्ट, पुसट जात होता आणि सेटवर मी शिव्या खात होतो. आधीच्या कुणीतरी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तो भाग, उघडून एक शिम, धातूची पातळ चकती, परत बसवलीच नव्हती. जाडी किती? 0.05 मिलिमीटर. या पीएल प्रकारच्या माउंटपासून सेन्सरपर्यंतच्या 52 मिलिमीटरच्या हिशेबात एवढंसं कमी पडलं की सगळे मार्क खोटे.

शिम बसली, सुकलेलं ग्रीस काढून नवं भरलं, आयरिसच्या, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या, पात्यांवर उतरलेलं तेल पुसलं. 22 हजार आणि तीन आठवडे लागले. कबूल केला होता एक आठवडा, त्यात माझं एक काम हातचं गेलं, तो राग आहेच.

पहिले काही महिने रिंग लोण्यासारखी फिरली. मग डिसेंबरात वाईला घाटावर पहाटेचं शूट होतं. थंडीने नवं ग्रीस इतकं घट्ट झालं की वायरलेस फोकसची मोटर सुरुवातीला रिंगची दोन्ही टोकं शोधते, त्या कॅलिब्रेशनलाच अडकली. कॅमेरा अटेंडंटने लेन्स जॅकेटात धरून ऊब दिली, तेव्हा पहिला शॉट झाला. परत नेल्यावर कारागिराने पातळ ग्रीस भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. हे पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं: लेन्स कुठल्या हवेत वापरता?

बुरशी गेली, पण तिने कोटिंग खाल्लंय. कडेला नखाएवढा डाग आहे. एरवी दिसत नाही, रात्री समोरून हेडलाइट आला की त्या बाजूला धुरकट फ्लेअर येतो. हे त्याने काम घेतानाच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही.

आता लेन्स 45 टक्के आर्द्रतेवर लावलेल्या ड्राय कॅबिनेटमध्ये असते. मार्क अजून हललेले नाहीत. तरी शूटआधी कॅमेऱ्याच्या चेकिंगला गेलो की आधी टेप काढतो, 6 फूट मोजतो.