वीस सेलचा ब्रेल डिस्प्ले: वस्तू झकास, सेटिंग मात्र स्वतःच लावा

ब्रेल डिस्प्ले म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोटांना उठलेल्या डॉटमध्ये वाचायला देणारी पट्टी, आणि सेल म्हणजे त्यातला डॉटचा एकेक चौकोन. दोन महिने वापरून लिहितोय. घेतला कशासाठी तर सकाळच्या लोकलमध्ये इयरफोन घातले की पुढचं स्टेशन ऐकू येत नाही, दादरला उतरायचं तर माटुंगा गेलं की नाही तेच कळत नाही, म्हटलं कान मोकळे ठेवू, बोटांनी वाचू. दुकानात इंग्रजी ओळ दाखवली, डॉट टकाटक वर आले, मी खूश. घरी येऊन लॅपटॉपवर मराठी बातमी उघडली तर शब्द एक नाही, नुसतं बॅकस्लॅश, एक्स, शून्य नऊ एक पाच. तो आपल्या 'क'चा कॉम्प्युटरमधला कोड होता हो! एकेक अक्षर सात-आठ सेल खातंय, म्हणजे अख्ख्या पट्टीवर दोन-अडीच अक्षरं. दुकानात फोन केला तर म्हणे पीस बदलून देतो. अरे पीसचा काय संबंध? डिस्प्ले बिचारा फक्त डॉट वरखाली करतो, कुठल्या अक्षराला कुठले डॉट ते स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून देणारं सॉफ्टवेअर, ठरवतो. माझा स्क्रीन रीडर एनव्हीडीए, त्याच्या ब्रेल सेटिंगमध्ये आऊटपुट टेबल, म्हणजे अक्षराला डॉट नेमून देणारी यादी, मराठी केलं आणि क परत एक-तीन नंबरच्या डॉटवर, शाळेत शिकलो तसा. ब्रेलमध्ये टाइप करायचं इनपुट टेबल वेगळं असतं हे विसरलो, त्यात अजून एक संध्याकाळ गेली.

मग नाद लागला. कर्सर म्हणजे सात आणि आठ नंबरचे डॉट, ते सेकंदाला दोनदा फडफडतात, बोटाखाली मुंगी चालल्यासारखं, ते ब्लिंक आधी बंद केलं. स्क्रीन रीडरचे मेसेज चार सेकंदात गायब व्हायचे, माझं वाचन काही एवढं फास्ट नाही, म्हणून बटण दाबेपर्यंत तिथेच ठेवले. शब्द न तोडण्याचं सेटिंग ऐकायला छान वाटतं पण वीस सेलमध्ये 'महानगरपालिकेच्या' आला की अर्धी पट्टी रिकामी जाते आणि पॅनिंगचं, म्हणजे पट्टीवर पुढचा मजकूर आणायचं, बटण दाबून अंगठा दुखतो, बंदच बरं. मोठा डिस्प्ले असेल तर ठेवा.

आणि हो, ट्रेनमध्ये फोनला जोडाल तेव्हा हे सगळं पुन्हा पहिल्यापासून, कारण फोनच्या स्क्रीन रीडरची टेबलं वेगळी. घरीच करून निघा, कुर्ला ते दादर गर्दीत जमत नाही, मी केलंय.

डिस्प्लेला साडेचार स्टार. दुकानाला दोन, तेही भर पावसात घरी आणून दिला म्हणून.