साखळ्या, फावडं, मीठ आणि फ्लीस : पाच महिन्यांच्या बर्फानंतर

बर्फ किती सेंटीमीटर पडला, यापेक्षा तो कोरडा आहे की ओला हे आधी पाहावं. ताजा कोरडा बर्फ १० सेंटीमीटर साचला तर चौरस मीटरवर ५ ते १० किलो भार येतो. शून्य अंशाच्या आसपास पडून दबलेला ओला बर्फ तेवढ्याच जाडीत ३० किलोपर्यंत जातो. या चारही वस्तूंचा कस लागतो तो ओल्या बर्फातच.

टायरवर चढवायच्या लोखंडी साखळ्या पैसे वसूल करतात, पण माप अचूक हवं. टायरच्या बाजूवरचा पूर्ण आकडा (उदा. २०५/५५ आर १६) साखळीच्या डब्यावर असलाच पाहिजे. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते, त्यांनाच साखळ्या लावायच्या. लावण्याचा सराव कोरड्या जागी दोनदा करावा. गारठलेल्या बोटांनी अंधारात पहिल्यांदा हुक शोधणं फार वाईट. लावल्यावर साधारण १०० मीटर जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं. हे टाळलं की सैल कडी आतल्या बाजूने ब्रेकच्या नळीवर किंवा सेन्सरच्या वायरवर आपटत राहते. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत. डांबर उघडं दिसलं की साखळ्या काढायच्या, नाहीतर कड्या झिजतात. घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन वाळवल्या नाहीत तर बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यांना महिन्याभरात गंजवतं. साखळ्यांऐवजी टायरवर चढवायचे कापडी मोजे पाच मिनिटांत चढतात, पण उघड्या डांबरावर लवकर फाटतात. डिकीत आपत्कालीन सोय म्हणून ठीक.

आणि बर्फात अडकलेली गाडी चालू ठेवून आत बसायचं असेल, तर आधी धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचाच. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो, आणि त्याला वास नसतो.

प्लास्टिकचं फावडं हलकं, पण कडाक्याच्या थंडीत त्याची कड तडकते. धातूची पट्टी लावलेलं घ्यावं. पात्याला मेण चोळलं तर ओला बर्फ चिकटत नाही. बर्फ उचलू नये, ढकलावा. ३० सेंटीमीटर साचण्याची वाट पाहण्यापेक्षा १० सेंटीमीटरला एकदा साफ केलेलं कमरेला परवडतं.

मिठाबद्दल मात्र तक्रार आहे. साधं मीठ उणे ९ अंशांच्या खाली जवळजवळ निकामी ठरतं, आणि ते विरघळलेलं पाणी वाफ्यात उतरलं की मुळांना पाणी ओढता येत नाही. वसंतात कुंपणाच्या झुडपांची पानं कडेने करपलेली दिसतात. बागेच्या वाटेवर भरड वाळूच टाकावी. मीठ लागलेल्या बर्फाचा ढीग झाडांच्या बुंध्याशी लोटू नये.

फ्लीस, म्हणजे झाडांवर पांघरायचं हलकं कापड, गोठवणाऱ्या थंडीसाठी आहे, बर्फासाठी नाही. चौरस मीटरला १७ ग्रॅमचं कापड जेमतेम दोन अंशांचं संरक्षण देतं. ३० ग्रॅमचं जास्त टिकतं. थेट झाडावर टाकलं तर त्यावर ओला बर्फ साचून फांद्या मोडतात, म्हणून कमानींवर ताणावं. जमिनीलगतच्या रोपांवरचा बर्फ तसाच राहू द्यावा. त्याच्याइतकं स्वस्त पांघरूण नाही. फळझाडांवरची पक्ष्यांची जाळी मात्र हिवाळ्याआधी काढलीच पाहिजे, तिच्यावर बर्फ धरला की जाळीचा सांगाडाच कोसळतो. उभ्या वाढीच्या सूचिपर्णी झाडांना मऊ सुतळीने खालून वर वेढे द्यावेत.

वाकलेल्या फांद्यांखाली झाडू धरून, खालून वर उचलत बर्फ पाडायचा. वरून झोडपायचं नाही. गोठून घट्ट बसला असेल तर हातही लावू नये, कारण गोठलेली फांदी सहज मोडते. फाटलेली फांदी खोडाजवळच्या फुगीर कड्याबाहेर स्वच्छ कापावी; जखमेवर रंग लावण्याची गरज नाही. नुसती वाकलेली फांदी वसंतापर्यंत कापू नये, बरीचशी आपोआप सरळ होतात.