पोर्टेबल कीबोर्ड: सेलवर चालवावा की अडॅप्टरवर?

घरच्या रोजच्या रियाजासाठी अडॅप्टर निःसंशय स्वस्त पडतो. मात्र तो त्याच वाद्यासाठी सांगितलेला असावा लागतो. यामाहाच्या पीएसआर-ई३७३ ला १२ व्होल्टचा, तर कॅसिओच्या सीटी-एस३०० ला ९.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. शिवाय पिन व्यवस्थित बसली म्हणजे जोडणी बरोबर झाली असे नव्हे, कारण कॅसिओच्या जुन्या ९ व्होल्टच्या एडी-५ अडॅप्टरमध्ये मधला ध्रुव ऋण असतो, तर यामाहाच्या अडॅप्टरमध्ये तो धन असतो. वायर ताणली जाऊन जॅक सैल होणार नाही, याकडेही लक्ष असू द्यावे.

या दोन्ही वाद्यांत पेन्सिल सेल सहाच लागतात. भजनाला किंवा वीज जाणाऱ्या गावात त्यांचा मोठा आधार वाटतो, पण वाद्याचे खरे नुकसान मी त्यांच्यामुळेच होताना पाहिले आहे. कार्यक्रमानंतर सेल आतच राहतात, वाद्य पावसाळाभर कपाटात पडून राहते आणि अल्कलाइन सेलमधून पाझरलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड स्प्रिंगा खाऊन टाकते. गळती थोडी असेल तर हातमोजे घालून, व्हिनेगरने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने ती पुसता येते. त्यानंतर कप्पा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. नवे आणि जुने सेल एकत्र कधीही घालू नयेत.

माझे मत अडॅप्टरच्या बाजूचे आहे. सेल कार्यक्रमाच्या दिवशी घालावेत आणि घरी परतताच काढावेत.