एक किलो दळण पण घेणारी पिंप्राळ्याची गिरणी

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हापासून जळगावात मी एकटीच राहते आणि एकट्या माणसाला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होत असेल तर दळणाचा. आधीच्या गिरणीत पाच किलोच्या खाली घेतच नव्हते. मी दिवसाला दीड भाकरी खाणारी बाई, पाच किलो महिनाभर सरत नाही आणि ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, पंधरा-वीस दिवसांत जाते, मग थापायला घेतली की कडेने चिरते, परातीतून उचलताच येत नाही. शेवटी कंटाळून पोळ्यांवर भागवायला लागले होते.

मागच्या थंडीत पिंप्राळ्यातल्या या गिरणीत गेले ते जरा भीतभीतच. पिशवीत एक किलो दादर ज्वारी, पाव किलो सालाचे काळे उडीद आणि थोडं खडेमीठ, म्हणजे कळण्याचं. गिरणीवाल्या ताईंनी पिशवीत हात घातला आणि लगेच म्हणाल्या, "मावशी, कळणं ना? बसा, गव्हाची दळणं उरकते, मग बाजरी, मग तुमचं टाकते, म्हणजे कोणाच्या गव्हात उडीद नको जायला." वीस मिनिटं बसावं लागलं पण मला ते फार आवडलं. पहिली मूठ त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली, चिमटीत चोळून बघितलं तर रवाळ लागलं, लगेच गिरणी आवळली आणि तेवढं पीठ परत वर टाकलं. सव्वा किलोच्या दळणासाठी एवढं कोण करतं सांगा.

घरी येईपर्यंत पिशवी कोमट होती. पीठ ताटात पसरून गार केलं मगच डब्यात भरलं, गरम भरलं की वाफ धरते. उडदाचा चिकटपणा असतो म्हणून कळण्याची भाकरी नवशिक्यालाही थापता येते, आणि ताज्या पिठाची तर तव्यावर टम्म फुगली. त्या दिवशी भरीतही केलं, आपलं ते 2016 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं हिरवं-पांढरं वांगं. गॅसवरच भाजलं, शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजतात तो धुराचा वास नाही आला, पण हिरवी मिरची-लसूण बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचून त्यातच वांगं घोटलं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. एका वांग्याचं दोन वेळा झालं. ओट्याशी उभी राहूनच पहिली भाकरी संपवली मी, नुसतं तेल आणि चटणी लावून, भरीत नंतर.

दर किलोला 8 रुपये. दुपारी 1 ते 4 बंद असते, संध्याकाळी गर्दी आणि बसायला एकच बाक आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळी 9 च्या आत जावं. डबा स्वतःचा न्या, पिशवीतून पीठ सांडतं.

परवा बाजरी घेऊन गेले, अर्धाच किलो उरली होती, तर ताई म्हणाल्या, "आणत जा मावशी, एका भाकरीचं असलं तरी दळून देईन."