फोटोच्या कॅमेऱ्यावर व्हिडिओ: उजेड कोणाच्या हाती द्यायचा?

हळदीला कॅमेरा घेऊन गेलात आणि घरच्यांनी "जरा व्हिडिओपण काढ रे" म्हटलं की पहिला गोंधळ उजेडाचा होतो. फोटोत उजेड जास्त झाला तर शटरचा (उजेड आत सोडणाऱ्या पडद्याचा) वेग वाढवायचा, विषय संपला. व्हिडिओत ती पळवाट नाही. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंदाच्या आसपास असलं तर हालचाल डोळ्याला सहज वाटते. तेच १/१००० वर नेलं की नाचणाऱ्यांचे हात झटके मारल्यासारखे दिसतात. म्हणजे शटर जवळजवळ बांधलेलं. हातात उरलं ॲपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक), आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) आणि लेन्सपुढे लावायची काच.

पूर्ण ऑटोचं म्हणाल तर ते वाईट नाही, फक्त भित्रं आहे. मंडपात नवरी बसलेली, चेहऱ्यावर छान उजेड, आणि पांढरा सदरा घातलेले मामा कॅमेऱ्यासमोरून आडवे गेले. तेवढ्यात नवरीचा चेहरा काळवंडला, मामा गेल्यावर हळूहळू उजळला. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगावर आणायला बघतं, त्याला मामा काय नि नवरी काय! असा हेलकावा एडिटिंगला बसल्यावर नीट काढता येत नाही, मी दोन रात्री घालवून पाहिलंय. ऑटोवरच राहायचं असेल तर निदान चेहऱ्यावर एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते माप) लॉक करून मग रेकॉर्डिंग सुरू करा.

२००८ साली कॅनन ५डी मार्क २ आला तेव्हा व्हिडिओत एक्स्पोजर कॅमेराच ठरवायचा. लोक वैतागून ॲपर्चरची रिंग असलेल्या जुन्या निकॉन लेन्स ॲडॅप्टरने त्यावर चढवायचे. हाताने एक्स्पोजर ठरवायची सोय २००९ मध्ये फर्मवेअरमधून (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने) मिळाली. आज ती सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असून आपण ऑटोवर ठेवतो, ही गंमतच.

खरी निवड पूर्ण मॅन्युअल (सगळं हाताने) आणि 'मॅन्युअल अधिक ऑटो आयएसओ' यांत आहे. माणूस एका जागी बसलाय, उजेड बदलत नाही (मुलाखत, पूजा, गाण्याची बैठक), तर पूर्ण मॅन्युअल, दुसरा विचार नको. झेब्रा (जास्त उजळ भागावर स्क्रीनवर पट्टे दाखवणारी सोय) चालू करा आणि पांढऱ्या कपड्यावर पट्टे दिसायला लागले की एक पायरी मागे या. पण वरात दारातून बाहेर येतेय, आत ट्यूबलाइट आणि बाहेर ऊन, तिथे मॅन्युअलचा हट्ट धरलात तर बाहेरचं सगळं पांढरंफटक होईल. अशा वेळी शटर आणि ॲपर्चर बांधून फक्त आयएसओ मोकळा सोडा, वरची मर्यादा मात्र घाला. माझ्या क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर मी ३२०० च्या पुढे जाऊ देत नाही. चालू शॉटमध्ये ॲपर्चर फिरवू नका: फोटोच्या लेन्समध्ये ते टप्प्याटप्प्याने हलतं आणि उजेडाची प्रत्येक पायरी दिसते. १८-५५ सारखी किट लेन्स असेल तर ॲपर्चर आधीच एफ ५.६ वर ठेवा (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), नाहीतर झूम करताना चित्र आपोआप काळं पडत जातं.

उन्हात मात्र या दोन्हींनी भागत नाही. हिशोब करून बघा: भर उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/१०० ला एफ १६ लागतो, म्हणजे १/५० ला एफ २२. मागचं धूसर हवं म्हणून एफ २.८ वर यायचं तर सहा स्टॉप उजेड अडवावा लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यासाठी एनडी ६४, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी काळसर काच. लॉगमध्ये (नंतर रंग सुधारण्यासाठी फिकं चित्र टिपायची पद्धत) शूट करताना काही कॅमेरे आयएसओ ८०० च्या खाली उतरत नाहीत, तिथे आणखी तीन स्टॉप धरा.

एनडी साधा घ्यायचा की व्हेरिएबल, यावर दुकानदार व्हेरिएबलच गळ्यात मारतो. तो सोयीचा आहे, हे खरं. फिरवलं की उजेड कमी, अंगणातून ओसरीत आलात तरी काच काढावी लागत नाही. पण तो म्हणजे दोन पोलरायझर (एकाच दिशेचा उजेड आत सोडणाऱ्या काचा) एकावर एक. वाइड लेन्सवर टोकापर्यंत फिरवला की आकाशात काळी फुली उमटते आणि स्वस्तातल्या फिल्टरवर रंग पिवळट-हिरवट होतो. फिरवताना गाडीच्या काचेवरचं प्रतिबिंब आणि घामेजल्या चेहऱ्याची चमकही बदलत राहते. शिवाय दोन ते पाच स्टॉपचा घेतला तर वरच्या हिशोबात एक स्टॉप कमीच पडतो, एफ ४ वर समाधान मानायचं. साध्या एनडीत ही भानगड नाही, पण काढघाल करण्यात अर्धं मिनिट जातं आणि तेवढ्यात अक्षता पडून मोकळ्या होतात. म्हणून लग्नाला व्हेरिएबल, आणि ट्रायपॉडवर निवांत काम असेल तर एनडी ८ आणि ६४ अशी साधी जोडी. कोणताही घ्या, पण तुमच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या आणि बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (मोठा फिल्टर लहान लेन्सवर बसवणारी कडी) लावा.

हॉलमधल्या दिव्यांचं वेगळं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर ट्यूबलाइट सहसा लुकलुकत नाही. एका हॉलमध्ये मी ३० फ्रेम आणि १/६० वर गेलो होतो. सप्तपदीभर पडद्यावर पट्टे सरकत होते, आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर ते मला दिसलेच नाहीत.