लिफ्ट मागीलदारी की माजघरात?

आईचे गुडघे गेले आणि रत्नागिरीच्या आमच्या दुमजली चिरेबंदी घरात लिफ्टचा विषय निघाला.

मागीलदारी, पडवीला लागून शाफ्ट, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते तो उभा बोगदा, उभारणं सोपं वाटतं. घरात तोडफोड नाही, धूळ नाही. पण इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि जांभा सच्छिद्र. लिफ्टच्या तळासाठी जमिनीत खड्डा खणला की जुलैत त्यात पाणी पाझरणारच. शिवाय खारी हवा. आमच्या गेटच्या बिजागऱ्यांचे दोन वर्षांत पापुद्रे सुटले, तिथे गाइड रेलचं, म्हणजे लिफ्ट ज्यांवरून सरकते त्या लोखंडी रुळांचं, काय होईल? गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) सांगाडा, वॉटरप्रूफिंग, उपसायला पंप... स्वस्त म्हणता म्हणता हिशेब फुगतो.

माजघरात स्लॅब कापावा लागतो, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर आलाच. खोलीही आक्रसते. पण घरगुती लिफ्टचा उथळ खड्डा जोत्याच्या उंचीतच बसतो आणि आई देवघरातून थेट वर, छत्रीशिवाय. व्हीलचेअरसाठी दार ८०० मिलिमीटर तरी मोकळं ठेवा.

वीज गेल्यावर जवळच्या मजल्याला नेणारी बॅटरी दोन्हीकडे हवीच.

माझं मत माजघराला. मागचा फणसही वाचतो. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा आईची खोलीच खाली आणा की!