सोलापूरहून व्हिएतनाम: लाखात, पावणेदोन लाखांत की तीन लाखांत?

नणंदेचा फोन आला. "वहिनी, आम्हा दोघांना व्हिएतनामला किती लागतील, सांगा की." मी विचारलं, "झोपून जायचंय की बसून?" तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पण परदेशच्या सहलीचा हिशोब मांडायला बसलं की खरा प्रश्न तोच निघतो. हॉटेलला तारे किती यापेक्षा सात रात्रींतल्या किती रात्री पाठ टेकायला मिळणार, हे आधी बघावं.

तिन्ही तऱ्हेचे हिशोब आमच्या घरातच आहेत. आम्ही दोघं अगदी काटकसरीत जाऊन आलो. भाचा आणि त्याची बायको मधल्या खर्चात गेले. आणि आमचे व्याही, ज्यांना जुळे सोलापूरच्या घरातून भाजीला जातानाही गाडी लागते, ते ऐसपैस जाऊन आले. सगळ्यांचा मार्ग साधारण एकच: हनोई, हालाँगचा उपसागर, दा नांग आणि होई आन, परत हनोईहून मुंबई. सात रात्री, आठ दिवस. खालचे आकडे दोन माणसांचे आहेत, गोल केलेले आणि गर्दीचे दिवस सोडून. विमानाचे दर रोज हलतात, तेव्हा पाच-सात हजार इकडेतिकडे धराच.

| खर्च (दोघांचा, रुपये) | काटकसर | मधला | ऐसपैस |
|---|---|---|---|
| सोलापूर–मुंबई, जाऊन-येऊन | २,५०० | ८,००० | २६,००० |
| मुंबई–हनोई विमान, जाऊन-येऊन | ४४,००० | ५६,००० | ७०,००० |
| व्हिसा | ४,५०० | ४,५०० | ४,५०० |
| हनोई–दा नांग, जाऊन-येऊन | १२,००० | १६,००० | २०,००० |
| हॉटेल, सहा रात्री | ८,००० | २१,००० | ५४,००० |
| हालाँग | ७,००० | २०,००० | ३६,००० |
| जेवणखाण | १२,००० | २०,००० | ३६,००० |
| फिरणं, तिकिटं | १०,००० | १८,००० | ३५,००० |
| विमा, सिम, किरकोळ | ३,००० | ५,००० | ८,००० |
| एकूण | १,०३,००० | १,६८,५०० | २,८९,५०० |

काटकसरीच्या रकान्यात विमानाचं तिकीट एकूण खर्चाच्या चाळीस टक्क्यांवर जातं, ऐसपैसमध्ये ते जेमतेम चोवीस टक्के आहे. म्हणजे कमी पैशात जाणाऱ्याने हॉटेलमध्ये दोनशे रुपये वाचवायला डोकं शिणवण्यापेक्षा तिकीट कुठल्या आठवड्यात स्वस्त आहे ते शोधावं.

पहिली ओळ सोलापूरकरांसाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि बाहेरच्या कुठल्याच अंदाजपत्रकात ती सापडत नाही. मुंबईकराची सहल विमानतळावर सुरू होते, आपली आदल्या रात्री स्टेशनवर. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने स्लीपरमधून गेलो. पहाटे दादरला उतरलो आणि विमान होतं रात्री उशिराचं. अख्खा दिवस बॅगा घेऊन मुंबईत काढला. दोन चहा, एक थाळी, देवदर्शन, मग विमानतळावरच्या खुर्च्या. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर उतरलं. तेव्हा सिद्धेश्वर कधीच निघून गेलेली असते आणि वंदे भारत दुपारी चारच्या सुमारास सुटते. ह्यांचे गुडघे तेव्हा जे धरले ते संक्रांतीपर्यंत सुटले नाहीत. स्वस्त तिकिटाने वाचवलेले सहा हजार नंतर मलमात आणि गोळ्यांत गेले म्हणा.

भाच्याने जाताना तीच गाडी घेतली, पण एसीतून. दादरला उतरून विमानतळाजवळ संध्याकाळपर्यंत एक खोली घेतली, अंघोळ करून झोप काढली. येताना सकाळी उतरणारं विमान निवडलं आणि दुपारच्या वंदे भारतने रात्री अकराच्या आत घरी. त्याचे आठ हजार गेले, पण पहिले दोन आणि शेवटचा एक असे तीन दिवस त्याच्या अंगावर आले नाहीत. व्याह्यांनी दारातून विमानतळापर्यंत गाडी केली, वर एक रात्र हॉटेल. सव्वीस हजार. इतका पैसा या ओळीत घालावा असं मला वाटत नाही. एसी डब्यात झोप लागते, गाडीत बसून मान अवघडते.

आता विमान. स्वस्त कंपनीच्या मूळ तिकिटात हातातली सात किलोची बॅग एवढंच धरलेलं असतं. मोठी बॅग, जेवण, शेजारशेजारच्या जागा, सगळ्याचे वेगळे पैसे. आमच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला सांगितली: नऊ किलो चारशे. मी मागे सरकून बॅग उघडली. ह्यांनी दोन स्वेटर एकावर एक चढवले, मी शेंगा चटणीच्या दोन पुड्या पर्समध्ये कोंबल्या, आणि कडक भाकऱ्यांचा डबा कुठे ठेवायचा यावर आमचं तिथेच भांडण झालं. भाकरी वजनाला हलकी पण जागा खाते. शेवटी जादा वजनाचे पैसे भरलेच, आणि काउंटरवरचा दर आधी ऑनलाइन भरायच्या दराच्या कितीतरी पट होता. तेव्हा काटकसरीचं तिकीट काढणार असाल तर एक मोठी बॅग दोघांत मिळून आधीच पैसे भरून घ्या. तेवढे धरल्यावर स्वस्त आणि मधल्या तिकिटात फारसा फरक उरत नाही.

व्हिसाचं थोडक्यात: ई-व्हिसा, एका प्रवेशाला माणशी २५ डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाहीत. सरकारी संकेतस्थळावरच भरा, सारख्या नावाच्या साइट दुप्पट घेतात. पासपोर्टावर जसं नाव आहे अक्षर न् अक्षर तसं, आणि पासपोर्टाची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

हनोई ते दा नांग सुमारे ७९० किलोमीटर. मला वाटलं होतं रेल्वे विमानाच्या निम्म्या पैशात होईल. तसं नाही. झोपायच्या बर्थचे पैसे जवळपास विमानाइतकेच होतात. पण रेल्वेत एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि सकाळी हाय व्हान घाटाखालून गाडी समुद्राच्या अगदी कडेने जाते तो तासभर खिडकी सोडवत नाही. सोळा-सतरा तास लागतात. चाळिशीच्या आतल्यांनी जाताना रेल्वे करावी, इतरांनी विमान.

हालाँगवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तिन्ही पायऱ्यांत खरा फरक तिथे दिसतो. हनोईहून हालाँग अडीच तासांवर. आम्ही एका दिवसात जाऊन आलो: पाच तास बसमध्ये, चार-साडेचार तास बोटीवर, त्यात जेवण, गुहा आणि मोती विकणारं दुकान. ते चुनखडीचे डोंगर पाण्यातून उभे राहिलेले पाहिले, फोटो काढले, परत बस. भाच्याने बोटीवर रात्र काढली. दिवसाच्या बोटी निघून गेल्यावर पाणी शांत होतं, आणि पहाटे साडेपाचला डेकवर चहा घेऊन बसलं की धुक्यातून एकेक डोंगर पुढे येतो. त्याने दाखवलेला व्हिडिओ बघून मी ह्यांना म्हटलं, आपण हालाँगला गेलोच नाही. युनेस्कोने १९९४ मध्ये या जागेला जागतिक वारशाच्या यादीत घातलं ते काय मोत्यांच्या दुकानासाठी? इथे तेरा हजार जास्त घाला. व्याह्यांच्या बोटीत बाल्कनी आणि टब होता, पण डोंगर तेच होते.

हॉटेलच्या बाबतीत माझं मत उलट आहे. हनोईच्या जुन्या पेठेत दीड-दोन हजारांत स्वच्छ खोली, गरम पाणी आणि बऱ्याचदा नाश्ता मिळतो. इमारती अरुंद आणि उंच, तेव्हा लिफ्ट आहे का एवढं विचारा. दिवसभर बाहेरच असतो आपण. रात्रीच्या नऊ हजारांची खोली बघायला तरी वेळ मिळतो का? हा, होई आनला दोन दिवस काहीच न करता पडून राहायचं असेल तर पोहायचा तलाव असलेलं हॉटेल घ्या.

जेवण शाकाहारी माणसाला अवघड, पण वाटतं तितकं नाही. शाकाहाराला त्यांचा शब्द आहे "चाय". पाटीवर तो शब्द शोधायचा. पहिल्या दिवशी ह्यांनी "चाय, चाय" म्हणत खरोखर चहाच मागितला आणि भाताची थाळी आली. तिथेही पुष्कळ लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात, त्या दिवशी अशी दुकानं भरलेली असतात. अशा ठिकाणी दीडशे-दोनशे रुपयांत पोट भरतं. साध्या हॉटेलात मात्र भाजीतही माशाचा सॉस असतो, तेव्हा विचारून घ्या. भारतीय हॉटेलं हनोईत आणि दा नांगला आहेत, पण रोज तिथेच जेवलात तर जेवणाचा आकडा दुसऱ्या रकान्यात जातो. आमची भाकरी-चटणी सहा दिवस पुरली.

पैशांची एक गंमत सांगते. एका रुपयाला तीनशेच्या आसपास दोंग मिळतात, त्यामुळे सगळेच लखपती. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळ्या. संध्याकाळच्या उजेडात रिक्षावाल्याला मी चुकून मोठी दिली होती, त्याने स्वतःहून परत केली. दोन्ही नोटा वेगळ्या कप्प्यांत ठेवा. कार्डाच्या मशीनवर रुपयांत की दोंगमध्ये असं विचारलं तर दोंगच निवडा, रुपयांत घेतलं की दर मशीनवाला ठरवतो.

टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर जाहिरातीतला आकडा म्हणजे शेवटचा आकडा नव्हे. त्यावर जीएसटी लागतो, टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर घेतात, व्हिसा आणि टिप्स बहुधा वेगळ्या असतात. टीसीएस बुडत नाही, विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत येतो, पण तोवर पैसे अडकतात. पेन्शनवर जगणाऱ्यांनी ते धरूनच चालावं. मराठी बोलणारा माणूस सोबत आणि रोज वरण-भात, यासाठी काहींना हे पैसे योग्य वाटतील. माझ्या सासूबाई असत्या तर मी त्यांना तसंच नेलं असतं.

कधी जायचं यावरही पैसे ठरतात. दिवाळीच्या सुट्टीत होई आनला पुराचा पावसाळा असतो, पैसे देऊन गुडघाभर पाण्यात उभं राहायला नको. दिवाळीतच जायचं तर फक्त उत्तर भाग करा. संक्रांतीची आपली गड्ड्याची जत्रा आटोपून निघालात तर त्यांच्या तेत या नववर्षाची तारीख आधी बघा. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला आहे. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत. मार्च-एप्रिल सगळ्यात बरा.

नणंदेला मी कुठलाच एक रकाना दिला नाही. सोलापूर–मुंबई, विमान, व्हिसा, दा नांगचं विमान, हालाँगची बोट आणि विमा मधल्या रकान्यातून घ्यायला सांगितलं. हॉटेल दोन हजारांचं, जेवणाला चौदा हजार, फिरायलाही चौदाच. त्यात दा नांगजवळच्या बा ना हिल्स या डोंगराचं तिकीट आलं, त्याच डोंगरावर दोन अवाढव्य हातांनी उचललेला तो २०१८ चा पूल आहे. बेरीज १,४९,५०० झाली. तिने वहीत लिहून घेतलं, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "वहिनी, हॉटेल पंधराशेचं बघते. उरलेल्या तीन हजारांत येताना मुंबईला एक रात्र झोपू."